दारचा गड, दूरचा गड

पाऊस सरतो, तापीचे गढूळलेले पाणी निवळू लागते, आणि गच्चीवर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची निळी रेघ पुन्हा स्वच्छ दिसू लागते. याच दिवसांत आमच्या इतवाऱ्यातील घरोघरी पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कोणी पुण्याहून येतो, कोणी नागपूरहून, कोणी जवळच्याच इंदूरहून. ओसरीवर फराळाची ताटे फिरतात आणि वर्षभराच्या साठलेल्या गप्पांना वाट मिळते.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत अशीच बैठक भरली होती. आमच्या पुतण्याची मुलगी शिक्षणासाठी पुण्यास राहते. ती राजगडाचे वर्णन मोठ्या हौसेने सांगत होती. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्यांची नावे तिच्या जिभेवर अगदी खेळत होती. घरातील लहान मुले आ वासून ऐकत होती आणि आम्ही वडीलधारी मंडळी मनातून सुखावलो होतो. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराला आपल्या मुलांच्या तोंडी राजगड-रायगडाचे नाव ऐकून जे समाधान होते, ते वाचकांस आम्ही निराळे सांगावयास नको.

इतक्यात तिने सहज विचारले, “काकूआजी, आपला अशीरगड आतून कसा आहे हो?”

प्रश्न आमच्या थोरल्या काकूंना होता. काकूंनी हातातील वाती वळणे थांबविले नाही, परंतु उत्तरही दिले नाही. पुतण्या म्हणाला, “मी तर बसच्या खिडकीतूनच पाहिला आहे.” सूनबाई म्हणाल्या, “आम्हांला कोणी नेलेच नाही.” मुलांनी तर त्यास ‘किल्ला’ही न म्हणता शाळेतल्या हिंदीप्रमाणे ‘किला’ म्हटले. अवघ्या वीस किलोमीटरांवरचा गड. खांडव्याच्या रस्त्याने जाता-येता प्रत्येकाने शेकडो वेळा पाहिलेला. दूरच्या गडाच्या माच्या आम्हांला पाठ आणि दारच्या गडाचा उंबरठा ओलांडलेला नाही! हे का झाले, ते काकूंना ठाऊक होते आणि आम्हांलाही. तीच कथा आज सांगावयाची आहे, कारण तीत दोष सर्वस्वी आमचा आहे.

तत्पूर्वी या गडाविषयी चार शब्द. सरकारी फलकांवर ‘असीरगढ़’ असे लिहिलेले असते. जुन्या मराठी बोलण्यात तो अशीरगड. पायथ्यापासून याची उंची सुमारे २६० मीटर. सिंहगड चढलेल्या माणसास हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु निसर्गाने आणि माणसाने मिळून माथ्याभोवती ८० ते १२० फुटांचा ताशीव कडा उभा केला आहे, आणि त्या कड्याने वर जाण्यास दोनच जागा ठेवल्या आहेत. मुख्य वाट नैर्ऋत्येकडची. तीव्र चढाच्या दगडी पायऱ्यांची, एकामागून एक पाच दरवाजांतून जाणारी. माथ्यावर सुमारे ६० एकरांचे पठार, पावसाचे पाणी धरून ठेवणारी तळी, फारुकी सुलतानांची मशीद आणि महादेवाचे देऊळ. या देवळात अश्वत्थामा पहाटे पूजेस येतो, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे.

उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी वाट या गडाच्या नजरेखालून जाते. म्हणून यास दख्खनची किल्ली म्हणत. अकबराने वेढा घातला, परंतु गड तोफांनी पडला नाही. जानेवारी १६०१ मध्ये दरवाजे उघडले, ते सोन्याच्या किल्लीने, असे आजही सांगतात. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बऱ्हाणपुरासह तो पेशव्यांच्या स्वाधीन केला. पुढे तो शिंद्यांकडे गेला. १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि परत केला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना येथे आश्रय मिळाला म्हणून १८१९ मध्ये डव्हटन आणि माल्कम हे दोन सेनानी पुन्हा चालून आले, आणि यशवंतराव लाड या किल्लेदाराने तीन आठवड्यांवर झुंज देऊन ९ एप्रिल १८१९ रोजी गड खाली केला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत अकरा महाराष्ट्रातील आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. यादीत अशीरगडाचे नाव नाही. परंतु मराठी माणसाचे पाऊल ज्या गडावर पडले, त्यांतून याचे नाव कोणास खोडता येणार आहे?

आता आमची कथा. बावीस वर्षांपूर्वीची ती चैत्रातली सहल. वाड्यातील पंधरा-सोळा माणसे निघाली. बायकांनी काठपदराची लुगडी नेसलेली, पायांत सपाता, मुलांच्या पायांत जे सापडेल ते. आधी जेवण व्हावे, मग निघावे असा बेत ठरला. आणि आमच्या घरी जेवणे किती वाजता आटोपतात हे ठाऊक असूनही आम्ही मान डोलावली. पायथ्याशी पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. सोबत पाण्याची एक कळशी आणि दोन तांबे. “वर तळी आहेत, पाण्याची काय चिंता?” हे उद्‌गार कोणाचे, हे आम्ही सांगणार नाही, वाचकांनी तर्क करावा.

सातपुड्यात उन्हाळ्याची एक खोड आहे. येथले रान मुख्यतः सागाचे. होळीच्या सुमारास साग पाने गाळून मोकळा होतो. म्हणजे ज्या दिवसांत सावलीची गरज, नेमकी त्याच दिवसांत सावली नाहीशी होते. त्यात काळ्या पाषाणाच्या पायऱ्या तापून वरचे ऊन आणि खालची धग अशी दोन्हींकडून भट्टी लागते. तरणी मंडळी मुलांना घेऊन पुढे गेली. थोरल्या काकू मागे राहिल्या, आणि त्या मागे राहिल्या आहेत हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. दुसऱ्या दरवाजापाशी आम्ही माणसे मोजली तेव्हा एक कमी भरले.

परत धावलो तो काकू पायरीवर बसलेल्या, चेहरा लाल, अंगाला घामाचा टिपूस नाही, आणि बोलणे असंबद्ध. तांब्यांतले पाणी केव्हाच संपले होते आणि कळशी पुढे गेली होती. देवाची कृपा की, तेथे एक गुराखी शेळ्या घेऊन उभा होता. कोरकू होता की बारेला, तेही आम्ही विचारले नाही. त्याने काही न विचारता काकूंना तटाच्या सावलीत नेण्यास हात दिला, आपल्या डब्यातील पाण्याने डोक्यावरचे फडके भिजवून त्यांच्या मानेवर ठेवले, आणि दुसऱ्या फडक्याने वारा घालीत बसला. तोंडात पाणी ओतू दिले नाही. “शुद्ध येऊ द्या, मग पाजा,” एवढेच तो म्हणाला. अर्ध्या घटकेने काकूंनी आमचे नाव घेऊन हाक मारली. त्या क्षणाची आठवण झाली की आजही आमच्या हातापायांतले बळ जाते.

काकू चार दिवसांत बऱ्या झाल्या. बरे झाले नाही ते निराळेच. घरात एक वाक्य रुजले: “बायकामाणसांनी गडाच्या वाटेला जाऊ नये.” कोणी ठराव केला नाही, कोणी मनाई लिहिली नाही, परंतु त्या दिवसापासून आमच्या घरातील एकही सून, एकही मुलगी अशीरगडावर गेली नाही. मुलगे मात्र मित्रांबरोबर जात-येत राहिले. बेत चुकला पुरुषांचा आणि वाट बंद झाली स्त्रियांची! दरड कोसळून वाट बंद झाली तर चार मजूर लावून मोकळी करता येते. धास्तीने बंद झालेली वाट मोकळी करणे त्याहून अवघड.

डोंगरावर जाण्याची मोकळीक हा विषय क्षुल्लक आहे, असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यातील किंडर स्काउट हा माळ जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवला होता. आसपासच्या गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या तरुणांना रविवारी तेथे पाऊल टाकण्याचीही बंदी. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण ती बंदी मोडून वर गेले आणि त्यांपैकी काहींनी तुरुंगवास पत्करला. १९४९ मध्ये तेथील पार्लमेंटने राष्ट्रीय उद्याने आणि रानमाळावरील प्रवेश यांविषयी जो कायदा केला, त्यामागे या पायपिटीची पुण्याई होती. तेथे वाट अडविणारा जमीनदार होता. आमच्या घरी वाट अडविणारा होता आमचाच निष्काळजीपणा.

याउलट नीट बेत केला तर किती माणसे किती बिकट वाटेने सुखरूप जाऊ शकतात, याचे उदाहरणही आपल्याच सातपुड्यात आहे. पंचमढीची नागद्वारी यात्रा आमच्या वैदर्भीय वाचकांच्या परिचयाची असेलच. ही वाट व्याघ्रप्रकल्पाच्या रानातून जाते. वर्षभर ती बंद असते आणि नागपंचमीच्या आगेमागे सुमारे दहा दिवसच उघडते. भर पावसात, निसरड्या उतारांवरून आणि काही ठिकाणी लोखंडी शिड्यांवरून विदर्भातील हजारो स्त्री-पुरुष जातात. त्यांत साठी उलटलेल्या आजीबाईही असतात. हे कसे साधते? दिवस ठरलेले, वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, मंडळांनी जागोजागी जेवणाखाण्याची सोय केलेली, आणि एकटे कोणीच नाही. श्रद्धा तर आहेच, परंतु श्रद्धेच्या पाठीशी व्यवस्थाही आहे. वर्षातले उरलेले दिवस ते रान वाघाचे आणि तेथील इतर जीवांचे असते. वाट थोडे दिवस उघडते, म्हणूनच ती टिकते.

हे सारे त्या दिवाळीत ओसरीवर बोलून झाले. तेव्हा वाती वळणाऱ्या काकू प्रथमच बोलल्या. “पोरींना जायचे असेल तर जाऊ द्या. पण या वेळी बेत मी करीन.”

त्यांनी केलेला बेत, आम्ही घातलेल्या थोड्या भरीसह, वाचकांपुढे ठेवतो. अशीरगडच काय, आपापल्या गावाजवळच्या कोणत्याही डोंगरास तो लागू पडेल.

पहिली गोष्ट ऋतूची. दिवाळीनंतर पायऱ्यांवरचे शेवाळ वाळते. तेव्हापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. होळीनंतर आमच्या भागात डोंगराचे नाव काढू नये. उन्हाबरोबर वणव्याचेही भय असते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वाळलेल्या गवताला लागलेल्या वणव्यात वीसहून अधिक गिर्यारोहकांचा अंत झाला. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या, हे आम्हांला विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा हिशेब सांगितला: दर तीन मैलांच्या चालीस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट पुरुषाचा. लेकुरवाळ्या कुटुंबाने येणारे उत्तर दुप्पट धरावे आणि वर विश्रांतीचा वेळ मोजावा. उजाडताना घरून निघावे. परतण्याची घटकाही निघण्यापूर्वीच ठरवावी, आणि त्या वेळी माथा हातभर अंतरावर असला तरी मागे फिरावे. गड कोठे पळून जात नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. माणशी तीन लिटर, आणि ज्याचे पाणी त्याच्याच पाठीवर. कळशी एकाच्या खांद्यावर असली की तहान दुसऱ्याच्या नशिबी येते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. निम्मे पाणी संपले की तोंड घराकडे करावे. बऱ्हाणपूरच्या माणसाने पाण्याचे मोल विसरावे हे तर लज्जास्पदच. सातपुड्याच्या पोटात मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची योजना अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५ च्या सुमारास, येथे झाली, आणि कुंडी भंडारा आजही ते पाणी दाखवितो. ज्या डोंगराचे पाणी चार शतके प्यालो, त्याच डोंगरावर आम्ही तहानेने व्याकुळ झालो!

चौथी गोष्ट चालण्याच्या क्रमाची. सर्वांत हळू चालणारे माणूस सर्वांत पुढे. त्याची चाल ती सर्वांची चाल. सर्वांत भरवशाचे माणूस सर्वांच्या मागे. प्रत्येक दरवाजापाशी शिरगणती.

पाचवी गोष्ट परवानगीची आणि रीतीभातीची. गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून सूर्यास्तापूर्वी खाली उतरावे. आसपासच्या रानात शिरावयाचे असल्यास वनखात्याला विचारल्यावाचून शिरू नये. चूल पेटवू नये; वणव्याचे भय आहेच, शिवाय कड्याला आग्यामोहोळ असले तर धुराने माश्या उठतात आणि मग पळावयास जागा नसते. भिंतींवर नावे कोरणाऱ्यांविषयी आम्ही काहीच लिहीत नाही. ते आमचे वाचक नाहीत अशी आमची समजूत आहे. शिदोरीस दशम्या, कोरडी चटणी, गूळ आणि शेंगदाणे. माव्याची जिलबी न्यावीच, परंतु ती गाडीत ठेवावी. खाली उतरल्यावर तिची गोडी वाढते.

सहावी गोष्ट काकूंच्या बेतातली सर्वांत महत्त्वाची, आणि ती आम्हांला कधी सुचलीच नसती. “खाली कोणीतरी वाट पाहणारे हवे,” त्या म्हणाल्या. कोण वर गेले, कोणत्या वाटेने गेले, केव्हा परतणार हे ठाऊक असलेले, आणि वेळ टळली तर कोणाला हाक मारावी हे ठरवून बसलेले एक माणूस. गडाच्या कडेकपारीत भ्रमणध्वनी लागेलच असे नाही. खाली बसलेल्या माणसाचे घड्याळ मात्र चालू असते. हे काम काकूंनी स्वतःकडे घेतले.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी आम्ही निघालो. सहा मुली, दोन सुना, चार पुरुष. पायथ्याच्या गावात एका ओळखीच्या घराच्या ओट्यावर काकू बसल्या. मांडीवर एक वही. तीत बारा नावे आणि खाली लिहिलेले: ‘दुपारी दोन’. आठ वाजण्यापूर्वी आम्ही पहिला दरवाजा ओलांडला. सागाला अजून पाने होती. धाकट्या सूनबाई सर्वांच्या पुढे, कारण त्यांची चाल सर्वांत मंद. आणि आपण घराच्या पुढे चालतो आहोत याचे त्यांना इतके अप्रूप की तिसऱ्या दरवाजानंतर त्या आपोआप वेगाने चालू लागल्या. पुण्याची नात माथ्यावर पोहोचल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. दक्षिणेकडे दूर धूसर सपाटीत तिला आपले शहर शोधावयाचे होते. लहानग्यांपैकी एकीने विचारले, “आपण एवढे दिवस का नाही आलो?” तिला काय उत्तर द्यावे ते आम्हांस सुचले नाही.

उतरताना आम्ही त्या गुराख्याविषयी चौकशी केली. बावीस वर्षांनी नाव-गाव ठाऊक नसलेले माणूस कसे सापडणार? पायथ्याशी शेळ्या चारणाऱ्या एका पोराला दशम्या आणि गूळ दिला. त्याने तो का दिला असे विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही.

खाली पोहोचलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटे झाली होती. काकूंनी वही उघडली, प्रत्येकीला जवळ बोलावले, चेहरा न्याहाळला आणि एकेक नाव खोडले. बारावे नाव आमचे. ते खोडून त्या म्हणाल्या, “बावीस वर्षांपूर्वी अशी वही असती, तर मी एकटी मागे राहिले नसते.” त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. मग त्यांनी जिलबीचा डबा उघडला.

वाचकहो, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां सर्वांस दूरच्या गडांची ओढ आहे आणि ती असावी. मुलांना राजगडावर जरूर पाठवा. परंतु आपल्या गच्चीवरून दिसणारा डोंगरही आपलाच आहे. तो आपल्या लेकी-सुनांना आणि वडीलधाऱ्यांना मोकळा आहे की नाही, याचा एकदा घरात बसून विचार करा. बंद असेल तर कोणत्या दिवशी आणि कोणाच्या चुकीने बंद झाला, हेही आठवा. मग एक वही घ्या, नावे लिहा, परतण्याची वेळ लिहा.

यंदाच्या मार्गशीर्षातला दिवस आमच्या घरी ठरला आहे. काकू म्हणतात, पहिल्या दरवाजापर्यंत त्या स्वतः येणार. वही कोणी सांभाळावी, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.